प्रोटीन तुटण्याआधी: प्रोटिएज इनहिबिटर नेमके कसे वापरावेत

पेशी शाबूत असते तोवर तिच्यातली प्रोटिएज, म्हणजे प्रोटीन कापणारी एन्झाइम, आपापल्या जागी बंदिस्त असतात. कॅथेप्सिन लायसोसोममध्ये असतात, यीस्ट आणि वनस्पतींची बरीचशी प्रोटिएज व्हॅक्युओलमध्ये, तर काही निष्क्रिय पूर्वरूपात पडून असतात. लायसिस बफर, म्हणजे पेशी फोडणारे द्रावण, घातला की हे सगळे आडपडदे एकदम जातात आणि कापणारी एन्झाइम व तुमचे प्रोटीन एकाच द्रावणात येतात. नुकसान बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच होते.

इनहिबिटर, म्हणजे एन्झाइमला रोखणारा पदार्थ, तुटलेले प्रोटीन जोडून देत नाही, फक्त पुढचे कापणे थांबवतो. त्यामुळे किती घातला यापेक्षा कोणता घातला आणि केव्हा घातला यावर सगळे अवलंबून असते. नवीन माणूस बहुधा तयार कॉकटेलची (अनेक इनहिबिटरांच्या मिश्रणाची) गोळी टाकून निश्चिंत होतो. बऱ्याच वेळा ते चालूनही जाते. जेव्हा चालत नाही तेव्हा नेमके काय चुकले हे शोधायला खालची माहिती लागते.

१. नमुना कशाचा आहे ते आधी पाहा

प्रोटिएजची मुख्य चार कुळे लक्षात ठेवा. सेरीन प्रोटिएज (ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, इलास्टेज), सिस्टीन प्रोटिएज (पपेन, कॅल्पेन, कॅथेप्सिन बी आणि एल), अ‍ॅस्पार्टिक प्रोटिएज (पेप्सिन, कॅथेप्सिन डी) आणि धातूच्या आयनावर चालणारी मेटॅलोप्रोटिएज (थर्मोलायसिन, मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिएज). याशिवाय अमिनोपेप्टिडेज असतात. ती मधून कापत नाहीत, टोकाकडून एकेक अमिनो आम्ल कुरतडत येतात. चारही कुळांना पुरून उरेल असा एकच इनहिबिटर नाही, म्हणून मिश्रण करावे लागते.

मिश्रणात कशावर भर द्यायचा हे नमुन्यावरून ठरते:

- सस्तन प्राण्यांच्या वाढवलेल्या पेशी: सेरीन आणि सिस्टीन प्रोटिएजचा बंदोबस्त मुख्य. साधे कॉकटेल सहसा पुरते.
- यकृत, मूत्रपिंड, प्लीहा: लायसोसोम भरपूर, म्हणून कॅथेप्सिनही भरपूर. सिस्टीन आणि अ‍ॅस्पार्टिक कुळांचे इनहिबिटर वगळू नका.
- स्वादुपिंड: पचनाच्या एन्झाइमांचे कोठारच. इथे इनहिबिटर दुप्पट घ्या आणि ऊतक काढल्या काढल्या गोठवा.
- यीस्ट: व्हॅक्युओलमधले प्रोटिनेज ए अ‍ॅस्पार्टिक कुळातले, प्रोटिनेज बी सेरीन कुळातले. म्हणजे पहिल्यासाठी पेप्स्टॅटिन आणि दुसऱ्यासाठी पीएमएसएफ, दोन्ही इनहिबिटर हवेत. शक्य असेल तर पेप४ (प्रोटिनेज ए चे जनुक) काढलेला स्ट्रेन वापरा, अर्धे काम तिथेच होते.
- ई. कोलाय: बीएल२१ स्ट्रेनमध्ये लॉन आणि ओम्प-टी ही दोन प्रोटिएज मुळात नसतात. के-१२ वंशाच्या नेहमीच्या क्लोनिंग स्ट्रेनमध्ये ओम्प-टी असते. ते पेशीच्या बाहेरच्या पटलावर बसलेले असते, दोन क्षारधर्मी अमिनो आम्लांच्या मध्ये कापते आणि युरियातसुद्धा काम करत राहते. इथे इनहिबिटर वाढवण्यापेक्षा स्ट्रेन बदलणे शहाणपणाचे.
- वनस्पती: सेरीन आणि सिस्टीन प्रोटिएजबरोबर फिनॉलिक द्रव्यांचाही त्रास असतो. बफरमध्ये १ ते २ टक्के पीव्हीपीपी घाला. ते प्रोटिएज रोखत नाही, पण फिनॉलिक द्रव्ये ओढून घेते.

२. जमवाजमव

- पीएमएसएफ किंवा एईबीएसएफ
- ल्युपेप्टिन, ई-६४, पेप्स्टॅटिन ए, अप्रोटिनिन; गरजेनुसार बेस्टॅटिन आणि बेन्झअमिडीन
- ईडीटीए, ०.५ मोलर, पीएच ८.०
- निर्जल आयसोप्रोपेनॉल, डीएमएसओ, शुद्ध पाणी
- थंड पीबीएस आणि लायसिस बफर
- बर्फाची बादली, आधीच थंड केलेल्या मायक्रोफ्यूज ट्यूब, सेल स्क्रॅपर
- ४ अंश सेल्सिअसला चालणारा सेंट्रिफ्यूज
- ९५ अंशांवर आधीच तापवलेला हीट ब्लॉक आणि एसडीएस सॅम्पल बफर
- ऊतक असेल तर द्रवरूप नायट्रोजन, खलबत्ता किंवा होमोजेनायझर
- हातमोजे, गॉगल, पीएमएसएफ वजन करण्यासाठी फ्यूम हूड

हीट ब्लॉक आणि सेंट्रिफ्यूज आधी सुरू करून ठेवा. लायसेट (फोडलेल्या पेशींचे द्रावण) तयार आहे आणि सेंट्रिफ्यूज अजून २० अंशांवर आहे, अशी वेळ येऊ देऊ नका.

३. कोणता इनहिबिटर काय करतो

पीएमएसएफ: स्वस्त, जुना आणि सर्वाधिक चुकीच्या पद्धतीने वापरला जाणारा. सेरीन प्रोटिएजच्या सक्रिय जागेतल्या सेरीनला तो कायमचा चिकटतो. पपेनसारख्या काही सिस्टीन प्रोटिएजनाही रोखतो, पण तिथली पकड डीटीटी (गंधकाचे बंध सोडवणारे क्षपणकारी द्रव्य) घातल्यावर सुटते. वापराचे प्रमाण ०.१ ते १ मिलिमोलर. खरी अडचण ही की पाण्यात तो टिकत नाही. २५ अंशांवर त्याचे अर्धायुष्य पीएच ७.० ला सुमारे ११० मिनिटे, ७.५ ला ५५ मिनिटे आणि ८.० ला फक्त ३५ मिनिटे असते. थंडीत विघटन मंदावते, थांबत नाही. म्हणून सकाळी बनवलेल्या पीएच ८ च्या बफरमध्ये दुपारी पीएमएसएफ आहे असे समजणे म्हणजे स्वतःची फसवणूक. तो पेशी फोडण्याच्या अगदी आधी घाला आणि काम लांबले तर दर अर्ध्या-एक तासाने पुन्हा घाला.

एईबीएसएफ: काम तेच, पण पाण्यात विरघळतो, जास्त टिकतो आणि पीएमएसएफपेक्षा कमी विषारी आहे. प्रमाण ०.१ ते १ मिलिमोलर. तोटा असा की जास्त प्रमाणात आणि जास्त वेळ ठेवला तर तो टायरोसिनसारख्या अमिनो आम्लांनाही चिकटतो आणि प्रोटीनचे वस्तुमान दर जागेमागे १८३ डाल्टनने वाढते. मास स्पेक्ट्रोमेट्री करायची असेल तर हे आठवणीत ठेवा.

अप्रोटिनिन: सुमारे ६.५ किलोडाल्टनचे छोटे प्रोटीन. सेरीन प्रोटिएजना धरते, पण ही पकड उलटू शकते. पीएच फार खाली किंवा फार वर गेला की सुटते. प्रमाण २ मायक्रोग्रॅम प्रति मिली, म्हणजे साधारण ०.३ मायक्रोमोलर.

ल्युपेप्टिन: ट्रिप्सिनसारखी सेरीन प्रोटिएज आणि पपेन, कॅथेप्सिन बीसारखी सिस्टीन प्रोटिएज, दोन्हींवर चालतो. हाही उलट होणारा. प्रमाण १ ते १० मायक्रोमोलर.

ई-६४: फक्त सिस्टीन प्रोटिएज, पण कायमची बंद करतो. प्रमाण १ ते १० मायक्रोमोलर. कॅस्पेजसुद्धा सिस्टीन प्रोटिएज आहेत म्हणून ई-६४ त्यांनाही थांबवेल असे गृहीत धरू नका. त्यांना वेगळे इनहिबिटर लागतात.

पेप्स्टॅटिन ए: अ‍ॅस्पार्टिक कुळासाठी. प्रमाण १ मायक्रोमोलर, म्हणजे सुमारे ०.७ मायक्रोग्रॅम प्रति मिली. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

बेस्टॅटिन: अमिनोपेप्टिडेजसाठी, १० ते ५० मायक्रोमोलर. एन-टोकाचा अभ्यास असेल तर हवाच, एरवी ऐच्छिक.

बेन्झअमिडीन: ट्रिप्सिनसारख्या प्रोटिएजसाठी, १ ते १० मिलिमोलर. तो २८० नॅनोमीटरला प्रकाश शोषतो, त्यामुळे कॉलमवरून उतरणाऱ्या प्रोटीनचा आलेख बिघडवतो.

ईडीटीए: धातूचे आयन पकडून मेटॅलोप्रोटिएज बंद पाडतो. १ ते ५ मिलिमोलर. कॅल्शियमवर चालणारी कॅल्पेनही त्यामुळे थंडावतात.

फॉस्फोरिलेशन पाहायचे असेल तर लक्षात घ्या की वरचा एकही पदार्थ फॉस्फेटेज (प्रोटीनवरचा फॉस्फेट काढणारी एन्झाइम) थांबवण्यासाठी नाही. त्यासाठी सोडियम फ्लोराइड (१० ते ५० मिलिमोलर), बीटा-ग्लिसरोफॉस्फेट (१० मिलिमोलर) आणि सक्रिय केलेले सोडियम ऑर्थोव्हॅनडेट (१ मिलिमोलर) वेगळे घालावे लागतात. ईडीटीए आणि डीटीटी दोन्ही व्हॅनडेटचा जोर कमी करतात. युबिक्विटिनच्या (दुसऱ्या प्रोटीनला खुणेसारखे जोडले जाणाऱ्या छोट्या प्रोटीनच्या) साखळ्या टिकवायच्या असतील तर १० ते २० मिलिमोलर एन-इथाइलमॅलिमाइड ताजे घाला, आणि त्या बफरमध्ये डीटीटी ठेवू नका, कारण ती दोघे एकमेकांनाच संपवतात.

४. स्टॉक (साठवणीची तीव्र द्रावणे) बनवणे

- पीएमएसएफ, १०० मिलिमोलर: १७४ मिलिग्रॅम घेऊन निर्जल आयसोप्रोपेनॉलने १० मिली करा.
- एईबीएसएफ हायड्रोक्लोराइड, १०० मिलिमोलर: २४ मिलिग्रॅम प्रति मिली पाण्यात.
- ल्युपेप्टिन हेमिसल्फेट, १० मिलिमोलर: ४.७६ मिलिग्रॅम प्रति मिली पाण्यात.
- ई-६४, १० मिलिमोलर: ३.५७ मिलिग्रॅम प्रति मिली डीएमएसओमध्ये.
- पेप्स्टॅटिन ए, १ मिलिमोलर: ०.६९ मिलिग्रॅम प्रति मिली डीएमएसओमध्ये.
- अप्रोटिनिन: २ मिलिग्रॅम प्रति मिली पाण्यात.
- ईडीटीए, ०.५ मोलर: डायसोडियम डायहायड्रेट १८.६ ग्रॅम, १०० मिलीसाठी. पीएच ८ च्या जवळ आल्याशिवाय ते विरघळत नाही. पांढरा गाळ तळाशी दिसला म्हणून पाणी वाढवू नका, सोडियम हायड्रॉक्साइड थोडेथोडे घालत राहा.

ईडीटीए सोडून बाकी सगळे छोट्या अलिकोटमध्ये वाटून उणे २० अंशांवर ठेवा. ट्यूबवर नाव, तीव्रता, द्रावक आणि तारीख चारही लिहा. द्रावक लिहायचा राहतो आणि मग दुसरा कोणीतरी पेप्स्टॅटिनचा स्टॉक पाण्याने पातळ करायला जातो. ल्युपेप्टिनचे पाण्यातले द्रावण ४ अंशांवर आठवडाभरच विश्वासाने वापरता येते.

पीएमएसएफची पावडर विषारी आणि दाहक आहे. वजन फ्यूम हूडमध्ये करा, हातमोजे आणि गॉगल घाला. सांडल्यास किंवा कातडीला लागल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवा. उरलेला स्टॉक टाकायचा असेल तर पीएच ८.६ च्या वर नेऊन खोलीच्या तापमानाला काही तास ठेवा, म्हणजे तो निष्क्रिय होतो, आणि मग प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे विल्हेवाट लावा.

उणे २० अंशांवरून काढलेली पीएमएसएफची ट्यूब उजेडात धरून पाहा. तळाशी सुईसारखे पांढरे स्फटिक दिसतील. तसेच वरचे द्रावण पिपेटने घेतले तर बफरमध्ये जवळजवळ नुसता आयसोप्रोपेनॉल जातो. ट्यूब न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, गरज पडल्यास ३७ अंशांवर थोडी गरम करा, हलवा, आणि सगळे स्फटिक विरघळल्यावरच वापरा. थंड ट्यूब उघडू नका असे सांगण्याचे कारण म्हणजे हवेतली वाफ आत जमते, आणि पीएमएसएफला मारायला तेवढे पाणी पुरते.

५. बफरशी भांडण होणार नाही ना?

सर्वात जास्त प्रयोग इथे फसतात, आणि बहुतेकदा ईडीटीएमुळे.

हिस्टिडीन टॅगचे (शुद्धीकरणासाठी हिस्टिडीनची शेपटी जोडलेले) प्रोटीन निकेल किंवा कोबाल्टच्या कॉलमवर चढवायचे असेल तर ईडीटीए अजिबात नको. तो रेझिनवरचा धातू ओढून घेतो. निळसर-हिरवा निकेल कॉलम पांढरा पडत जाताना दिसला की समजा, बफरमध्ये ईडीटीए आहे. तयार गोळी घेतानाही ईडीटीए-विरहित प्रकारच घ्या. दोन्हींचे डबे दिसायला सारखेच असतात, लेबल वाचा. डीटीटी जास्त असेल तरी निकेल तपकिरी पडतो, तो वेगळा दोष आहे.

लायसेट चिकट होऊ नये म्हणून डीएनए कापणारे न्यूक्लिएज घालत असाल तर त्याला १ ते २ मिलिमोलर मॅग्नेशियम लागते. ईडीटीए ते पळवतो आणि लायसेट शेंबडासारखे ओढले जात राहते. अशा वेळी आधी ईडीटीएशिवाय न्यूक्लिएजचे काम उरकून घ्या, ईडीटीए हवाच असेल तर नंतर घाला.

तुमचे प्रोटीनच जस्त, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमवर चालणारे एन्झाइम असेल तर ईडीटीए त्यालाही बंद पाडेल. आणि तुम्ही ज्याची सक्रियता मोजणार आहात तेच सेरीन किंवा सिस्टीन एन्झाइम असेल, तर त्या कुळाचा इनहिबिटर वगळण्याखेरीज इलाज नाही. मग भरवसा थंडीवर आणि वेगावर.

प्रोटीन मोजण्याच्या पद्धतीचाही विचार आताच करा. बीसीए या रंगावरून प्रोटीन मोजण्याच्या पद्धतीत १० मिलिमोलरपेक्षा जास्त ईडीटीए किंवा थोडीशीही डीटीटी असली तर आकडे चुकतात. ब्लँकमध्ये नुसता बफर न घेता इनहिबिटर घातलेला तोच बफर घ्या.

६. वापराचा बफर

१० मिली बर्फथंड लायसिस बफरसाठी, वरच्या स्टॉकमधून:

- पीएमएसएफ १०० मायक्रोलिटर (शेवटी १ मिलिमोलर)
- ल्युपेप्टिन १० मायक्रोलिटर (१० मायक्रोमोलर)
- ई-६४ १० मायक्रोलिटर (१० मायक्रोमोलर)
- पेप्स्टॅटिन ए १० मायक्रोलिटर (१ मायक्रोमोलर)
- अप्रोटिनिन १० मायक्रोलिटर (२ मायक्रोग्रॅम प्रति मिली)
- चालत असेल तर ईडीटीए २० मायक्रोलिटर (१ मिलिमोलर)

पीएमएसएफ सर्वात शेवटी. आणि तो कसा घालता याला महत्त्व आहे. थंड बफरवर एका जागी ओतला तर पिपेटच्या टोकापाशी पांढरी रेघ उमटते आणि ढगासारखी पसरते. तो पीएमएसएफ द्रावणातून बाहेर पडलेला असतो. बफर व्होर्टेक्सवर फिरत असताना थेंबथेंब सोडा. तरी धूसरपणा राहिला तर तीव्रता ०.५ मिलिमोलरवर आणा. विरघळलेला निम्मा हप्ता न विरघळलेल्या पूर्ण हप्त्यापेक्षा कामाचा.

तयार गोळी वापरत असाल तर ती किती मिलीसाठी आहे हे आधी वाचा. मोठी गोळी सहसा ५० मिलीसाठी, लहान १० मिलीसाठी असते. शंभरपट द्रव कॉकटेल १ मिलीला १० मायक्रोलिटर पडते. गोळी पूर्ण विरघळायला काही मिनिटे जातात, म्हणून ती पेशींवर बफर ओतण्याच्या क्षणी टाकू नका. तयार कॉकटेलमध्ये नेमके काय आहे हे माहितीपत्रकात पाहा: काहींत पेप्स्टॅटिन नसतो, आणि यकृत किंवा यीस्टच्या नमुन्यात नेमकी तीच फट उरते.

इनहिबिटर घातलेला बफर त्याच दिवशी संपवा. उरलेला उद्यासाठी फ्रिजमध्ये ठेवणे ही काटकसर महागात पडते.

७. पेशी फोडणे

वाढवलेल्या पेशी (१० सेंमी डिश): माध्यम पूर्ण ओढून घ्या, कारण सीरममध्ये प्रोटीन आणि प्रोटिएज दोन्ही असतात. बर्फावर ठेवून थंड पीबीएसने दोनदा धुवा. दुसऱ्या धुण्यानंतर डिश तिरकी धरून कडेला साचलेला शेवटचा थेंबही काढा, नाहीतर तुमचा बफर आणि इनहिबिटर दोन्ही पातळ होतात. ०.५ ते १ मिली बफर घाला, स्क्रॅपरने खरवडून थंड ट्यूबमध्ये घ्या, १५ ते ३० मिनिटे बर्फावर अधूनमधून हलवा. मग ४ अंशांवर १४,००० जी वेगाने १० ते १५ मिनिटे फिरवा आणि सुपरनेटंट (गाळावरचे द्रावण) लगेच नव्या थंड ट्यूबमध्ये घ्या.

पेशी ट्रिप्सिनने सोडवल्या असतील तर पेशीच्या पृष्ठभागावरची प्रोटीन तुम्ही लायसिसच्या आधीच कापलेली असतात. रिसेप्टर किंवा चिकटण्याच्या प्रोटीनचा अभ्यास असेल तर स्क्रॅपर किंवा ईडीटीएचे द्रावण वापरा. ट्रिप्सिन अटळ असेल तर सीरमयुक्त माध्यमाने किंवा सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटरने ते थांबवून पेशी नीट धुवा.

ऊतक: काढल्याबरोबर द्रवरूप नायट्रोजनमध्ये. वितळू न देता खलबत्त्यात पूड करा आणि ती पूड थेट इनहिबिटर असलेल्या बफरमध्ये टाका. १०० मिलिग्रॅमला १ मिली बफर. आधी वितळवून मग बफर घालण्याची सवय सोडा, कारण गोठताना लायसोसोम फुटलेले असतात आणि वितळणारे ऊतक इनहिबिटरशिवाय स्वतःलाच पचवत असते. यकृत, प्लीहा, स्वादुपिंड यांना इनहिबिटर दुप्पट.

जिवाणू आणि यीस्ट: पेलेट (तळाशी बसलेल्या पेशींचा गोळा) थंड बफरमध्ये एकजीव करा, इनहिबिटर घाला, मगच सोनिकेशन (ध्वनिलहरींनी पेशी फोडणे). १० सेकंद चालू, २० ते ३० सेकंद बंद, ट्यूब बर्फ-पाण्यात. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांपेक्षा बर्फ-पाणी ट्यूबला सगळीकडून चिकटते आणि लवकर गार करते. काचेच्या मण्यांनी यीस्ट फोडताना उष्णता बरीच होते, प्रत्येक फेरीनंतर मिनिटभर थांबा. सोनिकेशन संपल्यावर पीएमएसएफचा दुसरा हप्ता द्या.

८. कापणे कायमचे थांबवणे

जेल किंवा वेस्टर्न ब्लॉटसाठीचा हिस्सा पहिल्यांदा बाजूला काढा. एसडीएस सॅम्पल बफर घातल्याबरोबर ९५ अंशांवर ५ मिनिटे. या दोन क्रियांत अंतर ठेवू नका. एसडीएसमध्ये प्रोटीन उलगडते आणि कापायला सोपे होते, पण काही प्रोटिएज खोलीच्या तापमानाला एसडीएसमध्येही काही वेळ तग धरतात. सॅम्पल बफर घालून ट्यूब टेबलावर ठेवल्या आणि जेल ओतायला गेलात, तर तेवढ्या वेळात चांगला नमुना खराब होतो.

गरम करण्याचाही अतिरेक नको. फार वेळ उकळल्यास अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि प्रोलीन यांच्यातला बंध आपोआप तुटतो आणि प्रोटिएजशिवायच नवे बँड दिसतात. पेशीचे पटल अनेक वेळा आरपार ओलांडणारी प्रोटीन ९५ अंशांवर गोळा होऊन जेलच्या विहिरीतच (नमुना भरायच्या खाचेतच) अडकतात. त्यांना ३७ ते ७० अंशांच्या दरम्यान ठेवून पाहा.

बाकीचे लायसेट एकदाच वापरता येईल एवढ्या छोट्या ट्यूबमध्ये वाटा, द्रवरूप नायट्रोजनमध्ये झटकन गोठवा, उणे ८० अंशांवर ठेवा. वितळवताना बर्फावर, आणि वितळल्यावर पीएमएसएफ ताजा घाला. जुना केव्हाच संपलेला असतो.

९. पुढच्या टप्प्याआधी इनहिबिटर काढणे

टॅग कापण्यासाठी थ्रॉम्बिन, फॅक्टर टेन-ए किंवा एन्टेरोकायनेज वापरणार असाल तर ती तिन्ही सेरीन प्रोटिएज आहेत. उरलेला पीएमएसएफ किंवा एईबीएसएफ त्यांनाच आधी गाठेल. कॉलमवर बांधलेले प्रोटीन इनहिबिटर नसलेल्या बफरच्या किमान १० कॉलम-व्हॉल्यूमने धुवा किंवा डायलिसिस करा. मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी ट्रिप्सिनने तुकडे करायचे असतील तर आधी चार पट थंड अ‍ॅसिटोन घालून उणे २० अंशांवर तासभर तरी ठेवा, फिरवा, पेलेट घ्या.

उलट बाजूनेही विचार करा. डायलिसिसमध्ये ल्युपेप्टिन, ई-६४ यांसारखे लहान रेणू निघून जातात, पण प्रोटिएज मोठी असल्यामुळे आतच राहतात. रात्रभर डायलिसिस करताना उलट होणाऱ्या इनहिबिटरांनी धरलेली प्रोटिएज पुन्हा मोकळी होतात. लांब डायलिसिस करायचे असेल तर बाहेरच्या बफरमध्येही थोडा इनहिबिटर ठेवा.

१०. तरीही बँड तुटके दिसतात तेव्हा

अंदाजाने कॉकटेल दुप्पट करण्याआधी एक छोटी चाचणी करा. ताज्या लायसेटचे दोन भाग करा: एक इनहिबिटरशिवाय, एक नेहमीच्या मिश्रणासह. दोन्ही निम्मे बर्फावर, निम्मे ३७ अंशांवर ठेवा. ०, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी थोडेथोडे काढून लगेच सॅम्पल बफरमध्ये उकळा आणि सगळे एकाच जेलवर चालवा.

वेळेबरोबर मूळ बँड फिका आणि खालचे बँड गडद होत असतील, आणि ते इनहिबिटर असूनही होत असेल, तर एखादे कूळ सुटले आहे. तीच चाचणी एकेका इनहिबिटरने वेगळी करा. फक्त पेप्स्टॅटिनच्या ट्यूबमध्ये बँड टिकला तर उत्तर मिळाले. ईडीटीएनेच टिकला तर मेटॅलोप्रोटिएज किंवा कॅल्पेन. मग ई-६४ घालून पाहा, त्यानेही टिकला तर कॅल्पेन.

शून्य मिनिटालाच खालचे बँड तेवढेच गडद असतील आणि वेळेबरोबर वाढत नसतील, तर लायसिसनंतरच्या इनहिबिटरने काही होणार नाही. प्रोटीन पेशीतच कापले जात असेल, ते त्याचे नैसर्गिक प्रक्रियेनंतरचे रूप असेल, किंवा जिवाणूमध्ये भाषांतर (आरएनएवरून प्रोटीन बनणे) मधल्याच मेथिओनिनपासून सुरू होत असेल. एन-टोकाचा आणि सी-टोकाचा टॅग वेगवेगळ्या अँटिबॉडीने पाहिला की तुकडा कुठल्या टोकाचा आहे हे कळते. प्रोटीन पेशीत कापले जात असेल तर वाढीचे तापमान ३७ वरून १८ अंशांवर आणणे, इंडक्शनचा (पेशींना ते प्रोटीन बनवायला लावण्याचा) वेळ कमी करणे किंवा स्ट्रेन बदलणे, हे उपाय आहेत.

डाग मूळ बँडच्या वर पसरत असेल तर ते कापणे नव्हे. युबिक्विटिन, साखरेच्या साखळ्या किंवा गोळा झालेले प्रोटीन यांचा शोध घ्या.

शुद्ध केलेले प्रोटीन सुरुवातीला एकच बँड देते आणि फ्रिजमध्ये काही दिवसांनी तुटते, तेव्हा अगदी थोडे प्रोटिएज सोबत उतरलेले असते. जेल फिल्ट्रेशनची एक पायरी वाढवा. ट्रिप्सिनसारखे प्रोटिएज असेल तर बेन्झअमिडीन लावलेल्या रेझिनवरून प्रोटीन वाहू द्या, प्रोटिएज मागे राहील. जंतू वाढल्यानेही हेच चित्र दिसते, म्हणून ०.२२ मायक्रोमीटर फिल्टरमधून गाळा. ०.०२ टक्के सोडियम अ‍ॅझाइड घालता येते, पण मग त्या नमुन्यावर एचआरपी (ब्लॉटवर खूण उमटवणारे एन्झाइम) जोडलेली अँटिबॉडी वापरू नका, कारण अ‍ॅझाइड एचआरपीला बंद पाडते.